कव्हर घातलेली कादंबरी

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका ४६ वर्षांच्या आहेत, तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करतात. लहानपणापासून वाचनाचं वेड. जास्त करून प्रेमकथा, अधूनमधून ऐतिहासिक कादंबऱ्या. सासरे, म्हणजे नाना, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचनकट्टा भरतो, तो तेच चालवतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सुनेला आवडत्या पुस्तकांवर बोलायला उभं केलं. त्या म्हणाल्या, "पेशव्यांवरची ती गाजलेली कादंबरी मी तिसऱ्यांदा अर्धवट सोडली. त्यातल्या बायका एक तर निरांजन लावतात, नाही तर डोळ्यांना पदर लावतात. त्यापेक्षा प्रेमकथा मला खऱ्या वाटतात." कट्टा गप्प. एका ज्येष्ठ सभासदांनी "हा इतिहासाचा अपमान आहे" असं सुनावलं. नाना घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. त्याच आठवड्यात सतरा वर्षांच्या मुलीच्या मोबाइलवर सहाशे पानांची इंग्रजी कादंबरी दिसली. ड्रॅगन, राजपुत्र, मंत्रतंत्र. "बारावीच्या वर्षात या भाकडकथा कसल्या वाचतेस?" असं त्या ओरडल्या. मुलीने विचारलं, "आई, तू तुझ्या पुस्तकांना कव्हर का घालतेस गं?" त्यांना हवी असलेली उत्तरं अशी : कट्ट्यावर माफी मागावी का, या वयात वाचनाची आवड 'सुधारता' येईल का, आणि मुलीला हे असलं वाचू द्यावं का.

नमस्कार ताई,

तुमच्या प्रश्नांच्या आधी लेकीचा प्रश्न घेते. अख्ख्या पत्रात तोच सगळ्यात नेमका आहे, आणि तुम्ही तिला उत्तर न देता तो माझ्याकडे धाडलात.

तुम्ही लिहिता, पुस्तक डब्याच्या पिशवीतून जातं, तेलाचे डाग पडतात म्हणून कव्हर घालते. दोनच ओळींनंतर लिहिता, ऐतिहासिक कादंबरी मात्र 'तशीच नेते'. म्हणजे तुमच्याकडे आमटी फक्त प्रेमकथांवरच सांडते! चिडू नका. मी हसले कारण मीही त्यातलीच. मी वाढले त्या गल्लीत जिन्याखालच्या जागेत एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. मालक प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर कागदाची चिठ्ठी डकवायचे. 'ऐ' म्हणजे ऐतिहासिक, 'र' म्हणजे रहस्य, 'सा' म्हणजे सामाजिक. प्रेमकथांवर मात्र 'कौ' असायचं. कौटुंबिक! 'प्रे' लिहिलं असतं तर दुपारी येणाऱ्या बायकांनी त्या फळीकडे बघितलंसुद्धा नसतं, हे त्या गृहस्थांना पक्कं ठाऊक होतं. माझी आई वर्षानुवर्षं तिथून 'कौटुंबिक' पुस्तकं आणत होती. घरात कुणी विचारलंच तर तिचं उत्तर ठरलेलं, "अगं, घरगुतीच आहे."

तेव्हा तुमच्या कव्हरचा वंश जुना आहे. मला शंका एवढीच, की तुम्ही ज्या फळ्यांना मोठी आणि हलकी मानता, त्या तशा कुणी आणि कधी लावल्या, हे तुम्ही कधी तपासलंय का?

मागे जाऊन बघू. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'चं नाव घेतात. साल १८५७, विषय विधवांचे हाल. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली. प्रेम, संकटं, कारस्थानं, अद्भुत योगायोग असा सगळा मसाला. लोकांनी ती उचलून धरली, आणि त्या वाटेने पुढे कितीतरी कादंबऱ्या आल्या. शिवकाळाच्या पार्श्वभूमीवरची रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड', जिला पहिली ऐतिहासिक कादंबरी मानतात, ती पुस्तकरूपात यायला १८७१ उजाडलं. म्हणजे नानांची फळी तुमच्या फळीपेक्षा दहा वर्षांनी धाकटी.

भालचंद्र नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्ती सांगताना याच तीन पुस्तकांची नावं वापरली. त्यांचा कौल 'यमुनापर्यटन'च्या वास्तववादी वाटेला. रंजनाची 'मुक्तामाला' आणि गतकाळात रमणारी 'मोचनगड' या दोन्ही वाटांवर ते कडक बोलले. त्यांच्या वर्गात तुम्ही आणि नाना एकाच बाकावर बसलेले असता, शेवटच्या! मला त्यांचं सगळं पटत नाही, रंजनाबद्दल तर अजिबात नाही. पण कट्ट्यावर तुमच्याकडे वटारून बघणाऱ्या त्या ज्येष्ठ सभासदांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणखी एक गंमत. ह. ना. आपट्यांची 'उषःकाल' ही शिवकाळावरची कादंबरी नानांच्या कपाटात असणारच. ती प्रथम क्रमशः आली ती आपट्यांनी १८९० साली सुरू केलेल्या साप्ताहिकात. साप्ताहिकाचं नाव, 'करमणूक'. आज आपण ज्या पुस्तकाला हात धुऊन हात लावतो, ते त्या काळी लोक पुढचा अंक कधी येतो म्हणून वाट बघत वाचत होते, तुमची लेक मोबाइलवर पुढचं प्रकरण उघडते तसंच. आदर नंतर आला. पुस्तकं जुनी झाली की आदरणीय होतात, त्यात त्यांचं कर्तृत्व असतं तसंच काळाचंही.

आता तुमच्या कट्ट्यावरच्या वाक्याकडे येते. त्यात मला दोन मतं दिसतात. एक चांगलं आहे, दुसरं कच्चं. गोंधळ झाला तो दोन्ही एका दमात बोलल्यामुळे.

चांगलं मत बायकांबद्दलचं. ते तुम्ही खुशाल धरून ठेवा, कारण त्याला कागदांचा आधार मिळेल. तुम्ही कादंबरीचं नाव लिहिलेलं नाही, मीही विचारत नाही. पण पेशव्यांचंच घर घेऊ. माधवराव पेशव्यांच्या आई गोपिकाबाई. मुलाशी मतभेद झाले तेव्हा त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. पुढे नातू सवाई माधवराव लहान वयात गादीवर बसला, तेव्हा त्याने कसं वागावं हे सांगणारं त्यांचं पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. ही काही नुसती निरांजन लावणारी बाई नव्हे. मग कादंबरीत अशा बायकांच्या हाती तबकच का येतं, हा प्रश्न रास्त आहे. तो इतिहासाला विचारलेला नाही, कादंबरीकाराला विचारलेला आहे. हा फरक तुम्ही बोलताना केला असतात तर निम्मा कट्टा तुमच्या बाजूने झाला असता.

हाच फरक त्या ज्येष्ठांनाही कळलेला नाही. माधवरावांना वयाच्या सोळाव्या वर्षी, पानिपतनंतर काही महिन्यांतच, १७६१ मध्ये पेशवाई मिळाली. १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला क्षयाने ते गेले, तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. रमाबाई सती गेल्या. एवढं पक्कं. पण थेऊरच्या त्या शेवटच्या दिवसांत नवरा-बायको एकमेकांशी काय बोलले, हे कुणी कारकून लिहून ठेवत नव्हता. ते १९६२ साली रणजित देसायांनी 'स्वामी'त लिहिलं, आणि इतकं जीव ओतून लिहिलं की आज थेऊरला जाणारी माणसं चिंतामणीचं दर्शन घेऊन रमाबाईंच्या वृंदावनापाशी थांबतात ती कादंबरीतलं काहीतरी आठवून. मी स्वतः थांबले आहे. पण बघा ना, मराठी वाचकाने एवढी जिवाशी धरलेली ही 'ऐतिहासिक' कादंबरी लोकांनी वाचली ती कशासाठी? राक्षसभुवनच्या लढाईसाठी किती जणांनी, आणि माधव-रमेसाठी किती जणांनी? मला विचाराल तर ती प्रेमकथाच आहे. फक्त तिच्या पाठीवर 'ऐ'ची चिठ्ठी आहे, म्हणून तिला कव्हर लागत नाही.

शंका घेणं म्हणजे अपमान, हे तर मला मुळीच मान्य नाही. छत्रपती संभाजी महाराजांचंच बघा. कित्येक वर्षं नाटकांतून, कथा-कादंबऱ्यांतून त्यांना रंगेल, बेजबाबदार राजपुत्र म्हणून रंगवलं गेलं, आणि लोक तोच इतिहास समजून टाळ्या वाजवत होते. ते चित्र पुसलं कुणी? ज्यांना शंका आली त्यांनी. वा. सी. बेंद्र्यांनी अनेक वर्षं कागदपत्रं धुंडाळून १९६० साली महाराजांचं चरित्र लिहिलं, त्यानंतर कमल गोखल्यांचं संशोधन आलं. शिवाजी सावंतांची 'छावा' आली ती १९७९ मध्ये, या कामानंतर. आधी कागद हलले, मग कादंबरी हलली. 'गड आला पण सिंह गेला' हे वाक्य आपण सगळे शाळेपासून म्हणतो, ते घराघरांत पोचवण्यात त्याच नावाच्या आपट्यांच्या कादंबरीचा वाटा मोठा. तानाजी मालुसरे पडले १६७० मध्ये, आणि सिंहगड हे नाव मात्र त्याच्या आधीच्या पत्रांतही सापडतं. यामुळे तानाजींचं शौर्य तसूभर कमी होत नाही. नाव कुठून आलं एवढीच गोष्ट बदलते.

तुमचं कच्चं मत म्हणजे 'प्रेमकथा मला खऱ्या वाटतात'. इथे मी तुम्हाला थोडं अडवणार आहे. कुठल्या अर्थाने खऱ्या? हुशार डॉक्टर नायक, थंड हवेच्या ठिकाणचा बंगला, एका पत्रावरून झालेला गैरसमज, आणि शेवटच्या प्रकरणात मुसळधार पावसात उलगडा. पतसंस्थेच्या काउंटरवर बसून तुम्ही रोज जी माणसं बघता, त्यांच्यात असं किती जणांचं झालंय? मला वाटतं तुम्हाला 'खरं' म्हणायचं नव्हतं. प्रेमकथेत एका बाईला काय हवंय हा प्रश्न गोष्टीच्या मधोमध असतो. राज्य बुडो की राहो, तिचं मन हा तिथे मुख्य मामला असतो. हे तुम्हाला तिथे सापडतं आणि त्या पेशवाईच्या पुस्तकात सापडलं नाही. असं असेल तर असंच बोला. हे वाक्य ऐकून कुणाचाही अपमान होत नाही, उलट एखाद-दुसरी बाई मान डोलावेल.

आणि जरा रागावूनही घेते. पुस्तक तीनदा अर्धवट सोडलंत, त्यावर तुमचं मत असणारच. पण ते 'मी इथवर आले आणि का थांबले' एवढंच असू शकतं. पुढच्या दोनशे पानांत त्या बायकांनी तबकं खाली ठेवली की नाही, हे तुम्हाला माहीत नाही.

माफीचं बघू. तुम्ही तीन वाटा लिहिल्या आहेत. सगळ्यांसमोर माफी मागायची, कट्ट्याला जाणंच बंद करायचं, किंवा काही झालंच नाही असं वागायचं. पहिली मला पटत नाही, कारण मत चुकलं असं तुम्हाला वाटतच नाहीये. न वाटणारी माफी पुढे कडू होते, आणि पुढच्या वेळी कट्ट्यावर उठणारी दुसरी कुणी बाई आधी तुमची आठवण काढून खाली बसते. दुसऱ्या वाटेने तुमचा महिन्यातला एकुलता एक शनिवार जाईल. तिसरी नानांच्या अबोल्यावर अडकते.

म्हणून आधी नाना. तुम्ही गृहीत धरलंय की त्यांना इतिहासाच्या अपमानाचा राग आलाय. असेलही. पण तुम्हाला कट्ट्यावर उभं कुणी केलं होतं? त्यांनीच ना? सुनेच्या वाचनाची ज्यांना लाज वाटते असे सासरे तिला चारचौघांत बोलायला उभं करत नाहीत. एका घरात राहून तुमच्या कव्हरच्या आत काय असतं हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नसेल, असंही मला वाटत नाही. कदाचित त्यांना दुखलंय ते वेगळंच. त्या सभासदाने तुम्हाला सुनावलं, तेव्हा आपण काहीच बोललो नाही, हे. शिक्षक माणसाला वर्गात गप्प राहिल्याची बोच लागते. हा माझा अंदाज आहे, खरंखोटं तुम्हालाच कळेल. ते कळून घ्यायला एक सोपी युक्ती सांगते. माफी घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. संध्याकाळचा चहा देताना विचारा, "नाना, गोपिकाबाईंची पत्रं छापलेली आहेत ना? कुठल्या पुस्तकात मिळतील?" इतिहासाच्या शिक्षकाला असा प्रश्न विचारल्यावर तो किती वेळ गप्प बसतो, बघाच.

पुढे जमलं तर दोघं मिळून एक प्रयोग करा. एखादी ऐतिहासिक कादंबरी आणि त्याच घटनेची बखर शेजारी शेजारी ठेवून वाचा. पानिपतसाठी 'भाऊसाहेबांची बखर' छापील मिळते, भाषा थोडी अवघड आहे पण ठसकेबाज आहे. वाचताना एका वहीत तीनच रकाने करा. हे नक्की घडलं, हे कुणीतरी नंतर सांगितलं, हे लेखकाने रचलं. आता यात एक मेख आहे, ती आधीच सांगून ठेवते. बखरसुद्धा सगळी पहिल्या रकान्यात बसत नाही. बखरकारही संवाद रचतो, रंग भरतो. नाना तुम्हाला हे सांगतील, आणि सांगताना खुलतील. असाच प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्या इतर वाचकांनाही मी हीच वही सुचवेन, विशेषतः मुलं सिनेमा बघून येतात आणि जेवायच्या ताटावर तोच इतिहास म्हणून भांडतात, त्या घरांत.

कट्ट्यावर परत जाल तेव्हा काय बोलायचं? मागच्या वेळचा विषय आपणहून काढू नका. कुणी काढलाच तर एवढंच, "मी व्यक्तींबद्दल बोलले नव्हते, पुस्तकाबद्दल बोलले होते. तेव्हा नीट मांडता आलं नाही." मग नवीन पुस्तकाबद्दल बोला. मोघम बोलू नका. 'बोअर आहे', 'छान आहे' यावर लोक भांडतात, कारण त्यात धरायला काही नसतं. एखादा प्रसंग सांगा, तिथे तुम्हाला काय वाटलं ते सांगा. आदर आणि चिकित्सा एकत्र कशी नांदते याचं उदाहरण हवं असेल तर नानांकडून 'श्रीमान योगी' मागून घ्या, आणि फक्त सुरुवातीची नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना वाचा. ती लेखकाला लिहिलेल्या पत्राच्या रूपात आहे. शिवाजी महाराजांबद्दल, साधनांबद्दल, कादंबरीच्या अडचणींबद्दल इतकं सडेतोड लिहिलेलं, आणि ते लेखकाने आपल्याच पुस्तकाच्या दारात मानाने बसवलंय. नुसती प्रस्तावना वाचून पुस्तक परत केलंत तरी चालेल.

आवड सुधारण्याबद्दल तुम्ही फार गंभीरपणे विचारलंय, म्हणून मीही गंभीरपणे सांगते. सुधारायची म्हणजे फळी बदलायची, असं तुम्ही धरून चालला आहात. मराठीत बाईने लिहून छापलेली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती साळूबाई तांबवेकरांची 'चंद्रप्रभाविरहवर्णन', १८७३ ची. नावातच विरह आहे! लिहायला-वाचायला मिळणं हेच ज्या काळात नवल होतं, त्या काळात एका बाईने लेखणी हाती घेतली आणि प्रेमाबद्दल लिहिलं. याच्यावर आपण कव्हर घालायचं?

पण कव्हर काढलं म्हणजे डोळे मिटून घ्यायचे असंही नाही. एवढ्या प्रेमकथा वाचल्यावर त्यांच्याबद्दल तुमचं कडक मत का नाही, याचं मला नवल वाटतं. पेशव्यांच्या बायका रडतात म्हणून तुम्ही चिडलात. तुमच्या आवडत्या कादंबऱ्यांतला नायक नायिकेचा हात पिरगळतो, तिच्यावर संशय घेतो, तिची नोकरी सोडवतो, आणि शेवटी ते 'प्रेमापोटी' होतं असं ठरतं, तेव्हा नाही चिडलात? गोड शेवट हे त्या कथेचं वचन आहे, ते पाळलं याबद्दल मी कुणाला नावं ठेवत नाही. तो शेवट कशाच्या बदल्यात मिळाला, हे मात्र बघते. तुमच्या फळीवरच्या चांगल्या आणि टाकाऊ पुस्तकांत फरक करायला लागलात की आवड आपोआप सुधारेल, आणि त्यासाठी एकही 'भारदस्त' पुस्तक उरावर घ्यावं लागणार नाही.

(प्रेमकथांवर खटलेही झालेत, हे जाता जाता. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. अश्लील म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे शिक्षा झाली. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष सोडलं, आणि समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलताहेत असं निकालात नोंदवलं. दिल्लीच्या न्यायमूर्तींना जी मराठी प्रेमकथा बारकाईने अभ्यासावी लागली, ती आपल्याकडच्या बायका पदराआड वाचून कधीच मोकळ्या झाल्या होत्या.)

आता लेक. 'भाकडकथा' हा शब्द तुम्ही वापरलात, तो तुमच्या प्रेमकथांना कुणी लावला की तुम्हाला झोंबतो. तिने कव्हरचा प्रश्न विचारला तो उद्धटपणा नव्हता, तिने तुमच्या वाक्याला आरसा दाखवला. आणि ड्रॅगन सातासमुद्रापलीकडचे असले तरी अद्भुत आपल्याला परकं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या पंडिताने 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, त्यात जीन आणि जादू यांखेरीज काय आहे? नाथमाधव घ्या. तरुणपणी शिकारीच्या नादात सिंहगडावरून कोसळले आणि पायांनी कायमचे अधू झाले. त्यानंतर त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. अद्भुताची 'वीरधवल' त्यांचीच, स्वराज्यावरची ऐतिहासिक मालिका त्यांचीच, आणि सामाजिक कादंबऱ्याही त्यांच्याच. अंथरुणाला खिळलेला माणूस घोडदौडी आणि भुयारं लिहितो, याला पळपुटेपणा म्हणायचं का, हे लेकीला विचारून बघा. बारावीच्या वर्षातली मुलगी दिवसभर बायोलॉजीच्या आकृत्या काढून रात्री ड्रॅगनवर का बसते, याचं उत्तरही तिथेच कुठेतरी असेल. आणि तिला सांगा, काशीबाई कानिटकरांनी १९२८ मध्ये 'पालखीचा गोंडा' नावाची कादंबरी लिहिली, त्यात बायका राज्य चालवतात. तिच्या राजपुत्राला हे कळू दे.

तुमची एक काळजी मात्र मी झटकून टाकणार नाही. हल्ली इंग्रजीत अद्भुत आणि प्रणय यांचं मिश्रण असलेल्या ज्या कादंबऱ्या चालतात, त्यांतल्या काही प्रौढांसाठीच लिहिलेल्या असतात. मुखपृष्ठ बघून वाटतं शाळकरी मुलांचं पुस्तक आहे, आणि आत शृंगाराचं सविस्तर वर्णन असतं. मुलगी सतरा वर्षांची आहे. बंदी घालून उपयोग नाही, मोबाइलला कव्हरसुद्धा घालावं लागत नाही. तिला म्हणा, मलाही दे, मी पहिली पन्नास पानं वाचते. इंग्रजी जड जाईल असं तुम्ही लिहिलंय, तर मग तिलाच तोंडी सांगायला लावा. रोज एक प्रकरण, भाजी निवडताना. ऐकताना चांगलं-वाईट ठरवू नका, दोनच गोष्टी विचारा. या जगात जादू फुकट मिळते की तिची काही किंमत मोजावी लागते? आणि तो राजपुत्र तिचं 'नाही' ऐकतो का? पहिल्या प्रश्नावरून पुस्तक किती चांगलं आहे ते कळेल, दुसऱ्यावरून लेक काय शिकतेय ते. दुसरा प्रश्न तुमच्या डॉक्टर नायकालाही विचारायला हरकत नाही.

अभ्यासाचं म्हणाल, तर पुस्तकाशी भांडू नका, वेळेशी भांडा. रात्री अकरानंतर मोबाइल बाहेरच्या खोलीत, एवढा नियम पुरे. मात्र तो तुमच्याही पुस्तकाला लागू, कारण रात्री दीड वाजता दिवा कुणाचा चालू असतो हे तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर आलंच आहे.

आणि लेकीला विचारून त्या ड्रॅगनचं नाव मला कळवा. चार पानी पत्रात कट्ट्यावर कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं तेसुद्धा तुम्ही लिहिलंय, तेवढं राहिलं.